एक दाणा, दोन अमिनो आम्ले : भिलाईच्या शिवारातील लाखोळीची कहाणी

मुंबई–हावडा लोहमार्गावरील गाडी गोंदिया सोडून डोंगरगढ, राजनांदगाव, दुर्ग अशी पुढे सरकते आणि मग भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुराडी दिसू लागतात. या सबंध पट्ट्यात पावसाळ्यात धान पिकते. धान कापल्यावर त्याच बांध्यांत एक बुटके, वेलीसारखे, बहुधा निळ्या फुलांचे कडधान्य डोके वर काढते. विदर्भात त्याला लाख, लाखोळी किंवा लाखोरी म्हणतात. छत्तीसगडात तिवरा आणि उत्तर भारतात खेसारी. त्याचे शास्त्रीय नाव लॅथिरस सटायव्हस.

या पिकाच्या पाचरीसारख्या, तीन कडांच्या दाण्यात दोन अमिनो आम्ले विशेष महत्त्वाची आहेत. पहिले माणसाचे पाय कायमचे पांगळे करू शकते. दुसऱ्याचा संबंध गेल्या काही वर्षांत हृदयाच्या आरोग्याशी जोडला जाऊ लागला आहे. दोन्ही आम्ले बंगळूरच्या एकाच प्रयोगशाळेत, जवळजवळ एकाच वेळी शुद्ध स्वरूपात हाती आली. पहिल्याची कीर्ती कायद्याच्या पुस्तकापर्यंत पोहोचली; दुसरे जवळपास अर्धे शतक दुर्लक्षित राहिले. आज ‘हृदयासाठी उत्तम अन्न’ अशा याद्यांचा सुकाळ असताना या दोन रेणूंचा इतिहास विज्ञानाच्या विद्यार्थ्याने एकदा तरी नीट समजून घ्यावा असा आहे.

दुष्काळातले पीक

लाखोळीचा इतिहास मुळात दुष्काळाचा इतिहास आहे. धान उभे असतानाच, कापणीच्या काही दिवस आधी, बांधीतल्या ओलसर चिखलात तिचे बी फेकून देतात. छत्तीसगडात या पद्धतीला उतेरा म्हणतात. नांगरणी नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. जमिनीत उरलेल्या ओलीवर पीक तगते. पाऊस दगा देवो वा अतिरेक करो, गहू-हरभरा हातचा जावो, लाखोळी सहसा शेतकऱ्याला रिकाम्या हाताने परत पाठवत नाही. दाण्याचा सुमारे चौथा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग प्रथिनांचा. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते. छत्तीसगडात तिवरा भाजी हिवाळ्यातली आवडती भाजी आहे आणि ती वाळवून पुढच्या महिन्यांसाठीही ठेवतात. डाळ होते, बेसन होते, भुसा गुरांना जातो.

अशा गुणी पिकाला एक काळी बाजू आहे, हे मात्र फार पूर्वीपासून ठाऊक होते. सुश्रुतसंहितेत ‘कलायखंज’ नावाचा विकार येतो. त्यात रोगी चालू लागताना थरथरतो आणि लंगडत चालतो. नावातच कलाय या कडधान्याचा उल्लेख आहे. सोळाव्या शतकातील भावप्रकाशात ‘त्रिपुट’ म्हणजे तीन कडांच्या या धान्याच्या अंगी लंगडेपण आणि पांगळेपण आणण्याचा दोष असल्याचे म्हटले आहे. युरोपातही हाच अनुभव होता. जर्मनीतील वुर्टेम्बर्गच्या ड्यूकने १६७१ साली या पिठाची भाकरी करण्यावर बंदी घातली, कारण ती खाणाऱ्यांचे पाय जात होते. १८११-१२ च्या माद्रिदमधील दुष्काळात लोक याच पिठाच्या लापशीवर जगले. चित्रकार गोया याने त्या दृश्याचे कोरीव चित्र मागे ठेवले आहे.

मध्य भारतातील पहिले सविस्तर वर्णन इंग्रज अधिकारी स्लीमन याचे. १८४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात सागर भागातील गावांची हकिकत आहे. १८२९ साली गारपिटीने गहू झोपला, १८३० साली पाऊस वेळेवर आला नाही, १८३१ साली तांबेऱ्याने पीक खाल्ले. या तिन्ही वर्षांत तिवरा मात्र जोमाने वाढला आणि लोकांनी तोच खाल्ला. १८३३ पासून गावातील तिशीच्या आतली माणसे कमरेखाली लुळी पडू लागली. रात्री धडधाकट झोपलेला माणूस सकाळी उठावा तो पाय ताठरलेले, असे हे दुखणे. ना ताप, ना वेदना. आयुष्य कमी होत नाही, पण गेलेली चाल परत येत नाही. पुढे १८७३ साली नेपल्सच्या कान्तानी या वैद्याने या रोगाला ‘लॅथिरिझम’ असे नाव दिले.

१८६१ साली नागपूर राजधानी असलेला मध्य प्रांत अस्तित्वात आला. त्या आधी १७४१ पासून छत्तीसगडावर नागपूरच्या भोसल्यांची सत्ता होती. मराठी मुलूख आणि छत्तीसगड यांचे हे नाते इंग्रजी अमलातही प्रशासकीय स्वरूपात टिकले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या प्रांतावर दुष्काळांची मालिका कोसळली. त्यानंतर ब्यूकॅनन या लष्करी वैद्याने मध्य प्रांतातील लॅथिरिझमचा अहवाल तयार केला. त्या वर्षांचे चित्र सागरच्या जुन्या चित्रासारखेच होते : धान्य महाग, मजुरी थोडी आणि पोटात महिनोन् महिने एकच डाळ.

येथे एक सामाजिक तपशील महत्त्वाचा आहे. हा रोग सर्वांना सारखा होत नव्हता. जमीनदाराच्या घरातही लाखोळी असे, पण तिच्या जोडीला तांदूळ, गहू, दूध, भाजी असे. बांधील मजुराला मजुरीच धान्यात मिळे आणि त्या धान्यात खेसारीचा भरणा असे. रीवा जिल्ह्यात द्विवेदी आणि प्रसाद यांनी केलेल्या आणि १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे वास्तव ठळकपणे पुढे आले. कष्टकरी तरुण पुरुष सर्वाधिक बळी पडत. थोडक्यात, विष दाण्यात होते; पण ते कुणाच्या ताटात, किती आणि किती दिवस पडणार, हे गावातील मालक-मजुरांचे नाते ठरवत होते.

बंगळूरची प्रयोगशाळा

विषाचा शोध सोपा नव्हता. संशोधकांना प्रथम एका चुलतभावाने चकवले. लाखोळीच्या कुळातील शोभेच्या गोड वाटाण्याचे बी उंदरांना खाऊ घातले की त्यांची हाडे वाकत आणि महाधमनी फुटत असे. १९५४ साली त्या बियांतील दोषी द्रव्य ओळखले गेले. ते संयोजी ऊतीतील तंतूंची वीण सैल करते, म्हणून हाडे आणि रक्तवाहिन्या दुबळ्या होतात. पण लाखोळी खाणाऱ्या माणसांची हाडे वाकलेली नव्हती. त्यांची मज्जासंस्था बिघडली होती. दोन रोग एकाच नावाखाली गोळा झाले होते आणि माणसाच्या रोगाचे कारण अजून हाती आलेले नव्हते.

ते काम बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत झाले. प्रा. पी. एस. शर्मा यांच्या मार्गदर्शनाखाली पी. आर. अडिगा, एस. एल. एन. राव आणि पुढे याच संस्थेचे संचालक झालेले जी. पद्मनाभन हे तरुण संशोधक लाखोळीच्या दाण्याचा अर्क वेगवेगळ्या घटकांत विभागत होते. प्रत्येक अंश नुकत्याच अंड्यातून बाहेर आलेल्या पिल्लांवर तपासला जाई. ज्या अंशाने पिल्लांना झटके येत, तो पुढे आणखी शुद्ध केला जाई. अशा पायऱ्या ओलांडत १९६४ साली राव, अडिगा आणि शर्मा यांनी त्या द्रव्याची रचना प्रसिद्ध केली. बीटा-एन-ऑक्झॅलिल-एल-अल्फा,बीटा-डायअमिनोप्रोपिऑनिक आम्ल असे त्याचे लांबलचक नाव, संक्षेपाने ओडॅप. त्याच वर्षी दिल्लीत मूर्ती, शेषाद्री आणि वेंकटसुब्रह्मण्यन यांनीही स्वतंत्रपणे हेच द्रव्य ओळखले. १९६७ साली माकडांवरील प्रयोगांतही त्याचा मज्जासंस्थेवरील परिणाम दाखवला गेला.

ओडॅप हे अमिनो आम्ल आहे, परंतु प्रथिनांच्या साखळीत ते बसत नाही. वनस्पतींमध्ये अशी शेकडो ‘प्रथिनबाह्य’ अमिनो आम्ले असतात. त्यातील काही किडींपासून संरक्षणासाठी, काही नायट्रोजनच्या साठ्यासाठी असावीत. ओडॅपचे रूप मेंदूतील ग्लुटामेट या संदेशवाहक द्रव्याशी मिळतेजुळते आहे. त्यामुळे चेतापेशीवरील ग्लुटामेटच्या एका प्रकारच्या ग्राहीवर ते जाऊन बसते आणि पेशीला सतत उद्दीपित करत राहते. उद्दीपनाच्या या अतिरेकात पेशीत कॅल्शियम शिरते आणि अखेर पेशी मरते. पायांच्या हालचालींना आज्ञा देणाऱ्या लांबलचक चेतापेशी प्रथम बळी पडतात. म्हणून पाय लुळे न पडता ताठरतात आणि माणूस कात्रीसारखे पाय टाकत, काठीच्या आधाराने चालतो.

याच प्रयोगशाळेतून १९६३ साली, म्हणजे ओडॅपची रचना जाहीर होण्याच्या एक वर्ष आधी, आणखी एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. त्यात राव, रामचंद्रन आणि अडिगा यांनी लाखोळीच्या दाण्यातून होमोआर्जिनिन हे अमिनो आम्ल वेगळे केल्याचे कळवले होते. लंडनच्या ई. ए. बेल यांनी १९६२ साली लॅथिरस कुळातील इतर जातींच्या बियांत हेच आम्ल ओळखले होते. आर्जिनिन या परिचित अमिनो आम्लापेक्षा त्याच्या साखळीत एक कार्बन अधिक, एवढाच फरक. विषाच्या शोधात निघालेल्यांना ते वाटेत सापडले. त्याने पिल्लांना झटके आले नाहीत. त्यामुळे ते ‘निरुपद्रवी’ ठरले आणि बाजूला पडले. पुढची अनेक वर्षे जैवरसायनशास्त्रज्ञ त्याचा उपयोग मुख्यतः एका विकराला रोखणारे अभिकर्मक म्हणून करत राहिले.

सीमारेषा आणि बंदी

विज्ञानाचा हा शोध पूर्ण होण्याआधीच कायदा पुढे सरसावला होता. १९६१ साली केंद्र सरकारने अन्नभेसळ प्रतिबंधक नियमांत दुरुस्ती करून खेसारीच्या विक्रीवर बंदी घातली. अंमलबजावणी राज्यांवर सोपवली होती. महाराष्ट्राने बंदी लागू केली. मध्य प्रदेश, बिहार आणि पश्चिम बंगाल या मुख्य उत्पादक राज्यांत मात्र तशी अंमलबजावणी झाली नाही.

या निर्णयाचा विदर्भ आणि दुर्ग यांच्यावरील परिणाम समजण्यासाठी पाच वर्षे मागे जावे लागते. १९५६ पर्यंत भंडारा आणि दुर्ग हे शेजारी जिल्हे एकाच राज्यात होते; राजधानी नागपूर होती. भाषावार पुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आणि नंतर महाराष्ट्रात गेला. छत्तीसगड मध्य प्रदेशात राहिले. माती तीच, धानाची बांधी तीच, बीही तेच. परंतु सीमेच्या अलीकडे लाखोळी विकणे गुन्हा ठरले आणि पलीकडे तिवरा बाजारात राजरोस येत राहिला. पेरण्यावर बंदी नव्हती, विकण्यावर होती. म्हणजे गरिबाने स्वतः पिकवून स्वतःच खावी, या स्थितीला कायद्याने हात लावलाच नाही. आणि रोग नेमका तिथेच होता.

बंदीचा दुसरा परिणाम बाजारात दिसला. उघडपणे न विकता येणारी डाळ तुरीच्या आणि हरभऱ्याच्या डाळीत, बेसनात मिसळली जाऊ लागली. खाणाऱ्याला आपण काय आणि किती खातो हे कळेनासे झाले. विषाच्या बाबतीत मात्रा हाच कळीचा प्रश्न असताना मात्राच अदृश्य झाली, असा हा उलटा प्रकार होता.

याच काळात दुर्गच्या माळावर भिलाई उभे राहत होते. १९५५ साली सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशभरातून माणसे आली. विदर्भातून आलेली मराठी कुटुंबेही त्यात होती. आसपासच्या खेड्यांतील अनेकांना प्रथमच रोख मजुरी मिळू लागली. धान्यात मिळणारी मजुरी मागे पडणे, १९२१ साली पूर्ण झालेल्या तांदुला धरणासारख्या प्रकल्पांचे पाणी, पुढे रास्त भावाच्या दुकानातील तांदूळ-गहू आणि ताटात वाढलेली विविधता, या सगळ्यांनी लाखोळीला एकमेव अन्नाच्या जागेवरून डाळीच्या एका वाटीच्या जागेवर आणले. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी दुर्गसह छत्तीसगडातील तीन जिल्ह्यांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध केली. तिवरा अजूनही खाल्ला जातो, परंतु लॅथिरिझमचे प्रमाण अत्यल्प आहे, असा तिचा निष्कर्ष होता. गोंदिया भागातील त्याआधीच्या पाहणीतही जुने रुग्णच प्रामुख्याने आढळले होते. सीमेच्या एका बाजूला दीर्घकाळ बंदी होती, दुसऱ्या बाजूला प्रत्यक्षात नव्हती. रोग दोन्हीकडे ओसरला. रोग घटवण्यात बंदीपेक्षा बदललेल्या ताटाचा वाटा मोठा असावा, हे यावरून दिसते.

विष कधी विष ठरते

संशोधनातून आता हे बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे की, आहाराचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक भाग लाखोळीचा असेल आणि तसे दोन-तीन महिने किंवा जास्त काळ चालले, तर धोका उभा राहतो. दुसऱ्या महायुद्धातील वाप्निआर्का छावणीत याचा क्रूर पुरावा मिळाला. १९४२ च्या अखेरीस तेथील ज्यू बंद्यांना रोज सुमारे ४०० ग्रॅम हे धान्य दिले जाई. काही महिन्यांत शेकडो तरुण पांगळे झाले. त्यांच्यातीलच एक बंदी, डॉ. आर्थर केसलर, यांनी कारण ओळखले आणि पुढे आयुष्यभर या रुग्णांची नोंद ठेवली.

मात्रेइतकीच सोबतही महत्त्वाची. लाखोळीत मेथिओनिन आणि सिस्टीन ही गंधकयुक्त अमिनो आम्ले फार कमी असतात. शरीर याच आम्लांपासून ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य बनवते; त्याचा तुटवडा असेल तर चेतापेशी ओडॅपपुढे अधिक हतबल होतात. तांदूळ, गहू, ज्वारी यांत ही आम्ले तुलनेने अधिक असतात. इथिओपियात १९९० च्या दशकात उद्भवलेल्या साथीचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. ज्या घरांत लाखोळीत तृणधान्ये मिसळली जात, तेथे रोग कमी होता. छत्तीसगडचा भात आणि तिवऱ्याची डाळ ही जोडी म्हणूनच केवळ चवीची नाही.

तिसरी गोष्ट स्वयंपाकाची. ओडॅप पाण्यात विरघळते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत मोहन, नागराजन आणि गोपालन यांनी १९६६ साली दाखवले की, डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकून दिले, तर विषाचा मोठा भाग निघून जातो. पण या उपायातही एक बोच आहे. दुष्काळात पाणी आणि सरपण दोन्ही दुर्मीळ असतात. शिवाय कोरड्या पडलेल्या जमिनीत पिकलेल्या दाण्यात ओडॅप वाढते. म्हणजे माणसाला या दाण्याची गरज सर्वाधिक असते, त्याच वर्षी दाणा सर्वाधिक घातक असतो.

म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनी कमी ओडॅपच्या वाणांचा ध्यास घेतला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत ‘पुसा-२४’ पासून ऊतिसंवर्धनाने ‘रतन’ हा वाण तयार झाला. भिलाईपासून जवळच असलेल्या रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाने ‘प्रतीक’ आणि ‘महातिवरा’ हे वाण दिले. यांत ओडॅपचे प्रमाण ०.०७ ते ०.१ टक्क्याच्या आसपास सांगितले जाते. गावरान वाणांत ते कितीतरी पट असू शकते. नागपूरच्या डॉ. शांतिलाल कोठारी यांनी बंदी उठावी म्हणून अनेक वर्षे लढा दिला. लाखोळी हे गरिबाचे प्रथिन असून तिच्यावर अन्याय झाला, अशी त्यांची भूमिका. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांच्या घरात गेल्यावर या मागणीला नवे बळ मिळाले आणि २०१६ च्या आरंभी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने वरील तीन वाण खाण्यास योग्य असल्याची शिफारस केल्याच्या बातम्या आल्या. त्यावर आक्षेपही आले आणि ते निराधार नव्हते. मधमाश्यांमुळे या पिकात परपरागण होते. शेजारच्या गावरान पिकाची सरमिसळ झाली की वाणाची शुद्धता ढळते. बाजारातील डाळीच्या ढिगाकडे पाहून तिचा वाण ओळखता येत नाही.

उपेक्षित रेणूचे पुनरागमन

आता दुसऱ्या अमिनो आम्लाकडे. हृदयविज्ञानात आर्जिनिनला मान मिळाला तो नायट्रिक ऑक्साईडमुळे. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातील पेशी आर्जिनिनपासून हा वायू तयार करतात. त्याने भोवतालचा स्नायू सैल होतो, वाहिनी रुंदावते आणि रक्त सुरळीत वाहते. या वायूचे कार्य उलगडल्याबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि म्युराड यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आर्जिनिनचे जवळचे भावंड असलेले होमोआर्जिनिनही त्याच विकराला कच्चा माल म्हणून चालते, जरी कमी कार्यक्षमतेने. शिवाय आर्जिनिन तोडणाऱ्या आर्जिनेज या विकराला ते अडवते.

२०१० साली मार्त्झ आणि सहकाऱ्यांनी जर्मनीतील दोन मोठ्या रुग्णगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकात हृदयाच्या धमन्यांच्या तपासणीसाठी आलेले ३,३०५ रुग्ण होते. दुसऱ्यात डायलिसिसवरील १,२४४ मधुमेही. ज्यांच्या रक्तात होमोआर्जिनिन कमी, त्यांचे हृदयविकाराने मृत्यू अधिक, असा संबंध दोन्ही गटांत दिसला. २०१३ साली पक्षाघाताच्या संदर्भातही असाच संबंध पुढे आला. बंगळूरच्या बाटलीत अर्धे शतक पडून राहिलेले ‘निरुपद्रवी’ द्रव्य एकाएकी चर्चेत आले. २०११ साली एस. एल. एन. राव यांनीच, म्हणजे ज्यांच्या हातून हे दोन्ही रेणू शुद्ध झाले त्यांनीच, लाखोळीच्या उजळ बाजूचा आढावा घेणारा लेख लिहिला.

ओडॅपच्या बाबतीतही एक कौतुकाची गोष्ट आहे. चीनमध्ये रक्तस्राव थांबवण्यासाठी मोलाची मानली जाणारी सांची ही जिनसेंगची जात आहे. तिच्यातील गुणकारी मानलेला रेणू, डेन्सिचीन, हा ओडॅपच आहे. एकच रेणू एका देशात औषधी मुळीचा सद्गुण ठरला आणि दुसऱ्यात डाळीचा अपराध.

इथपर्यंत आल्यावर ‘लाखोळी खा आणि हृदय सांभाळा’ असे म्हणण्याचा मोह होतो. विज्ञानाची शिस्त येथेच कसाला लागते. जर्मनीतील त्या रुग्णांनी लाखोळी खाल्लेली नव्हती. मानवी शरीर स्वतःच, मुख्यतः मूत्रपिंडात, लायसिन आणि आर्जिनिनपासून अल्प प्रमाणात होमोआर्जिनिन बनवते. तेव्हा रक्तातील त्याची पातळी घसरणे हे हृदयविकाराचे कारण आहे, की आधीच खचलेल्या मूत्रपिंडाची आणि शरीराची ती केवळ खूण आहे, हा प्रश्न निरीक्षणाने सुटत नाही. २०१६ साली हॅम्बुर्गच्या संशोधकांनी निरोगी तरुणांना रोज १२५ मिलिग्रॅम होमोआर्जिनिन देऊन रक्तातील पातळी वाढते हे दाखवले. परंतु पातळी वाढणे आणि आयुष्य वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

याचा धडा आर्जिनिननेच दिलेला आहे. नायट्रिक ऑक्साईडचा सिद्धांत निर्दोष होता. आर्जिनिन दिले की हृदयाला लाभ होईल, हे तर्काला पटत होते. अमेरिकेत हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर त्याची चाचणी झाली. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. लाभ काही दिसला नाही. उलट आर्जिनिन घेणाऱ्या गटात सहा मृत्यू झाले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली. सुंदर सिद्धांत आणि रुग्णाचा पलंग यांच्यामध्ये चाचणीचा उंबरठा असतो, तो ओलांडल्याशिवाय सल्ला देता येत नाही.

म्हणून आजच्या घडीला लाखोळीबद्दल प्रामाणिकपणे एवढेच म्हणता येते. इतर कडधान्यांप्रमाणे तिच्यात भरपूर प्रथिने आणि तंतू आहेत, आणि मांसाहारातील व तेलकट पदार्थांतील मेदाऐवजी कडधान्ये खाणे हृदयाच्या हिताचे आहे, याला चांगला आधार आहे. तो लाभ मिळवण्यासाठी मात्र तूर, मूग, मसूर, हरभरा, कुळीथ हे धोक्याविना उपलब्ध आहेत. होमोआर्जिनिनचा लाभ अजून सिद्ध व्हायचा आहे. ओडॅपचा धोका सिद्ध झालेला आहे, पण तोही विशिष्ट मात्रेला, विशिष्ट काळाला आणि विशिष्ट दारिद्र्याला बांधलेला आहे. भाताबरोबर अधूनमधून खाल्लेली तिवऱ्याची वाटी आणि बिनपर्यायाने महिनोन् महिने गिळलेली तीच डाळ, या रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या इतिहासात घाई दोनदा झाली. विषाचा रेणू पूर्णपणे ओळखण्याआधी बंदी आली आणि तिने उपाशी माणसाच्या ताटाला हातही लावला नाही. आता गुणाचा रेणू पूर्णपणे पारखण्याआधी त्याचे गोडवे गाण्याची घाई होऊ शकते. या दोन्ही घाईंची किंमत संशोधकाला वा ग्राहकाला फारशी मोजावी लागत नाही. ती मोजावी लागते धानाच्या बांधीत उतेरा फेकणाऱ्या शेतकऱ्याला आणि हवामान बदलत असताना पुढच्या दुष्काळात पुन्हा याच दाण्याकडे वळावे लागेल अशा मजुराला. त्याच्यापर्यंत कमी ओडॅपचे शुद्ध बी पोहोचणे, डाळ भिजवून पाणी फेकण्याची साधी रीत पोहोचणे आणि सोबत खायला पुरेसे धान्य पोहोचणे, ही तीन कामे कोणत्याही रेणूच्या स्तुतीपेक्षा किंवा निंदेपेक्षा निकडीची आहेत. रायपूरच्या शेतावर आणि हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्यांचा पाया घातला गेला आहे. उरलेले अंतर बांधीपासून ताटापर्यंतचे आहे.